यंत्राने नेम पुरा होतो काय?

हा प्रश्न मूळचा माझा नव्हे. तो एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारला, मी त्याचे उत्तर घाईने दिले आणि ते चुकले. चुकलेले उत्तर चारचौघांत दिले होते, तेव्हा दुरुस्तीही चारचौघांत व्हावी, एवढ्यासाठी हे लिहिणे.

छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या बाजूला एका लहानशा विठ्ठलमंदिरात चातुर्मासातल्या एकादशांना माझी कीर्तनसेवा असते. तिथे डाव्या हाताच्या खांबाला टेकून बसणाऱ्या एक मावशी होत्या. मूळच्या पैठणकडच्या. अक्षरओळख नाही, पण वीस-बावीस वर्षांत त्यांची एकादशी चुकलेली मला आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरणे बंद झाले. मुलाने पैठण गेटच्या बाजूच्या एका दुकानातून साडेसातशे रुपयांचे यंत्र आणून दिले. तळहाताएवढी डबी, चार बटणे, आत नखाएवढे मेमरी कार्ड. त्या कार्डावर काकडा, हरिपाठ, गवळणी, सगळे दुकानदारानेच भरून दिलेले. एकदा चार्जिंग केले की दोन-तीन दिवस निभावते. मावशींनी तिला लाल कापडाची पिशवी शिवली आणि देवाच्या फडताळात ठेवली.

पुढे एका एकादशीला नातवाचा हात धरून कशाबशा मंदिरात आल्या. कीर्तन संपले, मंडळी पाया पडत होती. मावशी जवळ येऊन म्हणाल्या, "महाराज, एक इचारू का? संध्याकाळी डबीवर हरिपाठ लावते मी. परवा अर्ध्यातच डोळा लागला. डबी आपली म्हणतच राहिली, शेवटापस्तोर. मंग तो दिवस नेमात धरायचा का नाही?"

मी म्हणालो, "मावशी, ज्यानं म्हटला त्याला फळ. डबीनं म्हटला असेल तर डबी जाईल वैकुंठाला!"

मंडळी हसली. मावशीही हसल्या. कीर्तनकाराला हशा मिळाला की त्याला वाटते, उत्तर बरोबर आले. आम्हा लोकांची ही फार जुनी खोड आहे.

दिवाळीनंतर त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. डबी फडताळातच होती, पण पिशवीचे तोंड दोऱ्याने बांधलेले. मी सहज विचारले, तर म्हणाल्या, "तुम्हीच म्हणलात ना, आपल्याला फळ नाही म्हणून. मंग कशाला उगं लाइट जाळायची?" मी विचारले, मग संध्याकाळी काय करता? "बसते. येतंय तेवढं म्हणते. पहिले चार-पाच अभंग येत्यात, मधले काही केल्या येत नाहीत. मंदिरात सगळ्यांच्या मागं म्हणताना सगळा हरिपाठ येत होता हो मला." एवढे बोलून त्या गप्प बसल्या. मीही बसलो. चहा आला तो घशाखाली उतरेना.

आता माझीही गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे लपवाछपवी राहणार नाही. अशीच एक डबी माझ्या झोळीत आहे. एका विद्यार्थ्याने गुरुपौर्णिमेला दिली. पैठणची एसटी पन्नास किलोमीटरचा रस्ता कापते, तोवर मी कानात बोंडे घालून जुन्या मंडळींच्या चाली ऐकतो. त्यात काही गैर आहे असे मला आजही वाटत नाही. परंतु हळूहळू असे झाले की, पहाटेचा काकडाही डबी म्हणू लागली आणि मी दाढी करू लागलो. घरात काकड्याचा आवाज घुमतो आहे, शेजारी म्हणतात महाराजांचा नेम किती कडक, आणि महाराज आरशात गालफड बघताहेत! म्हणजे मावशींना जे सुनावले ते वास्तविक मला लागू होते, त्यांना नव्हे. हे कसे, तेच पाहायचे आहे.

कोणी म्हणेल, यंत्र जड आहे, त्याला भाव नाही, म्हणून त्याच्यातून निघालेले नाम हे नामच नव्हे. हा पूर्वपक्ष ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. टाळ काशाचा, तोही जडच. वीणेला तरी कुठे भाव आहे? मी स्वतः आज ध्वनिवर्धकाशिवाय उभा राहत नाही. पाचव्या रांगेतला श्रोता माझा कंठ ऐकतो की कर्णा? आणि पोथी म्हणजे तरी काय, कागदावरची शाईच. शाईतून माउली भेटते, मग डबीतून भेटायला काय हरकत?

मावशींच्या डबीतला हरिपाठ बाबामहाराज सातारकरांच्या आवाजातला आहे. ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी वैकुंठवासी झाले. आवाज मात्र कॅसेटच्या काळापासून जसा घराघरांत होता तसाच आजही आहे. नैयायिक म्हणेल, शब्द अनित्य आहे. उत्पन्न झाला आणि गेला, हा दुसरा तत्सदृश शब्द. मीमांसक म्हणेल, वर्ण नित्यच आहेत. कंठ त्यांना उत्पन्न करीत नाही, केवळ प्रकट करतो. आता कंठाने प्रकट केले काय आणि डबीने केले काय! पाठशाळेत याच वादावर आम्ही जेवणाची घंटा चुकवलेली आहे. त्याच ग्रंथांत राघूचाही प्रश्न येतो. वाक्याचा अर्थ कळायला बोलणाऱ्याचे तात्पर्य ठाऊक लागते, तर मग पढवलेल्या पोपटाच्या बोलण्यातून अर्थ कसा कळतो? त्याला तर तात्पर्य नाही. विश्वनाथ पंचाननांनी न्यायसिद्धान्तमुक्तावलीत उत्तर दिले की, अशा ठिकाणी ईश्वराचे तात्पर्य धरावे. डबीलाही हे उत्तर पुरते. तेव्हा डबीतून येते ते नामच. येथवर मावशींची बाजू निर्विवाद आहे.

पण नेम म्हणजे नुसते नाम कानी पडणे नव्हे. तो संकल्प आहे, आणि खरी अडचण इथे सुरू होते. जैमिनींच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे. यज्ञाला लागणारे द्रव्य मिळाले नाही तर काय करावे? सोम न मिळाला तर पूतीका घ्यावी, व्रीही न मिळाले तर नीवार, म्हणजे रानातली देवभाताची जात. द्रव्याला बदली चालते. पण ज्याने संकल्प केला त्या यजमानाला बदली नाही. भात बदलेल, यजमान बदलणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या विचारात साडेसातशे रुपयांच्या डबीचा निवाडा आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले. शिकलो तेव्हा तो फक्त परीक्षेपुरता होता.

म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही. यंत्र कोणाच्या जागी बसवले, हा आहे. गंगापूर तालुक्यातल्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताहाला गेलो होतो. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस पहारा. पहाटे तीनच्या सुमारास मला जाग आली. नामाचा गजर स्पष्ट ऐकू येत होता. बरे वाटले. लघुशंकेला म्हणून उठलो आणि मंडपात डोकावलो, तर वीणा खुंटीला, पहारेकरी दोघे सतरंजीवर घोरताहेत आणि ध्वनिवर्धकाच्या तोंडाशी एक डबी ठेवलेली. सारे गाव समजत होते, पहारा चालू आहे. मी कोणाला उठवले नाही. वीणा गळ्यात घातली आणि काकड्यापर्यंत उभा राहिलो. रागाने उभा राहिलो, हेही खरे. तेव्हा त्या पहाऱ्याचे माझे फळ किती, ते पांडुरंगच जाणे.

आता पाहा. तिथेही माणसे झोपली आणि डबी म्हणत राहिली. मावशींच्या घरीही तेच. बाहेरून दोन्ही गोष्टी एकच. परंतु पहारेकऱ्यांनी डबी स्वतःच्या जागी उभी केली आणि मग ते झोपले. मावशींनी डबी स्वतःच्या शेजारी ठेवली, हात जोडून बसल्या आणि झोपेने त्यांना गाठले. पहिल्याने यजमान बदलला. दुसरीने फक्त द्रव्य बदलले. देवळातली मंडळी मिळेनाशी झाली, म्हणून डबीतली मंडळी घेतली, सोमाऐवजी पूतीका. ऐंशीच्या घरातल्या बाईला हरिपाठात डुलकी लागली तर तो नेमाचा भंग कसा? माझ्या कीर्तनात निम्मे श्रोते डुलक्या घेतात, त्यांना मी कधी म्हणालो नाही की तुमची एकादशी बुडाली.

गणिकेची कथा आपण सगळे सांगतो. राघूला रामनाम शिकवता शिकवता ती तरली. सांगताना आम्ही राघूचे कौतुक करतो, आणि कष्ट कोणी केले ते विसरतो. पोपट एका दिवसात पढत नाही. एकदा त्याने म्हणावे म्हणून हिला शंभरदा म्हणावे लागले असेल. डबी आयती पढलेली येते. तिला शिकवायचे कष्ट नाहीत, आणि तिची स्वस्ताई भुलवते ती इथेच. पैशाने स्वस्त आहे, हे चांगलेच झाले. मजुरी करणाऱ्या बाईलाही ती परवडते. पण ती जिभेलाही स्वस्त पडू लागली, की माझ्या काकड्याचे झाले ते होते.

कानातल्या बोंडांविषयीही दोन शब्द. आषाढीला आपल्या शहरातून वाळूजच्या छोट्या पंढरपुराकडे माणसांची रीघ लागते. अशाच एका दिंडीत माझ्या पुढे एक तरुण चालला होता. पताका खांद्यावर, कपाळी बुक्का, कानांत बोंडे. मला वाटले, सिनेमाची गाणी ऐकतोय. विचारले तर म्हणाला, "नाही महाराज, अभंगच आहे." आणि आजूबाजूला पन्नास माणसे टाळ कुटत अभंगच म्हणत होती! खोटे तो काही करीत नव्हता. पण दिंडीत असून तो दिंडीत नव्हता. सोनी कंपनीने १९७९ साली जपानात पहिला वॉकमन विकायला काढला, तेव्हा त्या मूळच्या अध्वर्यूंना, अकिओ मोरिता यांना, हीच धास्ती होती: एकट्याने कानाशी गाणे लावून बसणे हा शेजारच्याचा अपमान तर होत नाही? म्हणून त्या पहिल्या यंत्राला दोघांनी ऐकण्यासाठी दोन भोके होती, आणि गाणे हळू करून एकमेकांशी बोलण्याचे एक बटणही होते. पुढच्या यंत्रांतून ते बटण गेले. लोकांना ते नकोच होते, असे दिसते. विकणाऱ्याला कळलेली गोष्ट घेणाऱ्यांनी सोडून दिली, हा प्रकार तसा विरळाच.

बाहेरही हा प्रश्न आहे. चीन-तैवानकडच्या बौद्ध घरांत अमिताभ बुद्धाचे नाव अखंड म्हणणाऱ्या लहान पेट्या असतात. आजाऱ्याच्या, अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्याच्या उशाशी त्या ठेवतात, की त्याचे ओठ हलेनासे झाले तरी नाम कानी असावे. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आपल्याकडेही जाणाऱ्याच्या कानात नाम सांगतातच. रात्रभर सांगणारा माणूस थकतो, पेटी थकत नाही.

हे सगळे मनाशी जुळले तेव्हा पौष लागला होता. संध्याकाळी मावशींकडे गेलो, आणि जिना चढतानाच माझे गुडघे मला काय काय सांगत होते. बसल्यावर म्हणालो, "मावशी, मी चुकलो. तो झोप लागलेला दिवस नेमात धरा."

"अन् मधले दिवस? डबी बांधून ठिवली ते?"

याचे उत्तर मी घरून घेऊन गेलो नव्हतो. म्हणालो, "ते माझ्या खाती लिहा."

त्यांनी दोरा सोडला. नातवाने डबी आधी चार्जिंगला लावली. महिनेच्या महिने पडून तिचा जीव गेला होता. मी त्यांना एकच गोष्ट सुचवली. हरिपाठ म्हणताना पुढचा एक चरण म्हणतो आणि मागची मंडळी उचलतात. डबीतही ती मंडळी आहेतच. तुम्ही त्या मागच्यांत बसा. आवाज बारीक ठेवा, म्हणजे तुमचा तुम्हाला ऐकू येईल. येत नाही तिथे नुसते ऐका, येते तिथे उचला. आणि बोंडे नकोत, नातवाच्याही कानावर पडू द्या. नातू म्हणाला, "कार्डावर शेवटी दोन लावण्यापण आहेत, महाराज." मावशी म्हणाल्या, "असू दे, त्या लागायच्या आत बंद करते मी."

डबी लागली. मावशी पाव मात्रा मागे, पण ठाम म्हणत होत्या. दहा मिनिटांसाठी गेलो होतो, बसून राहिलो. बाराव्या-तेराव्या अभंगाच्या सुमारास मला एक चरण काही केल्या आठवेना. डबी पुढे गेली, मावशी तिच्या मागोमाग गेल्या, आणि मी त्यांना पुढल्या धृपदाला गाठले.