न दिसतां पाहणें

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा भाचा चार दिवस मौद्यास आमच्याकडे राहावयास आला होता. त्याला खेळावयास मैदान लागत नाहीं. संगणकाचा पडदा पुरतो. रात्रीं जेवणें उरकल्यावर तो जो खेळ मांडून बसे, त्याचें नांव 'स्टेलारिस'. स्वीडनमधील पॅरॅडॉक्स नांवाच्या कंपनीनें तो २०१६ सालीं काढला. त्यांत खेळणाराला अंतराळांतील एक राष्ट्र मिळतें आणि आकाशगंगेच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत परग्रहवासीयांचीं दुसरीं साम्राज्यें वाढत असतात. कोणी कीटकांसारखे, कोणी पक्ष्यांसारखे, कोणी तर चक्क बुरशीसारखे. आरंभीं या शेजाऱ्यांविषयीं आपल्याला कांहींच ठाऊक नसतें. त्यांचें आरमार किती, खजिना किती, स्वभाव लढवय्याचा कीं व्यापाऱ्याचा, सगळें अंधारांत. २०२१ सालीं या खेळाला 'नेमेसिस' नांवाची पुरवणी जोडण्यांत आली, आणि तेव्हांपासून हा अंधार हटविण्यासाठीं हेरांचें जाळें विणण्याची सोय त्यांत झाली आहे. आपला दूतच गुप्तपणें शेजाऱ्याच्या राज्यांत शिरकाव करून घेतो. तो शिरकाव शंभरापैकीं किती झाला हें आंकड्यानें दिसतें, आणि आंकडा जसजसा चढतो तसतसें शेजाऱ्याचें घर उघडें पडत जातें. पुढें त्याची विद्या चोरतां येते, चारचौघांत त्याची बदनामीही करतां येते.

मी शेजारीं बसून पाहत होतों. समोरच्या कीटकवंशीयांच्या राज्यांत भाच्याचा दूत मोठ्या चिकाटीनें पुढें सरकत होता.

"याला जाणून घ्यावयाचा दुसरा मार्ग नाहीं का रे?" मीं विचारलें.

"आहे ना, मामा. तह केला, व्यापाराचा करार केला, कीं त्याचें बरेंचसें आपोआप दिसायला लागतें."

"मग तो कां करीत नाहींस?"

पडद्यावरची नजर न काढतां तो म्हणाला, "मग त्यालाही आपलें दिसतें."

चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडचें हें वाक्य मला त्या रात्रीं बराच वेळ झोंप येऊं देईना. हेरगिरीच्या नीतीविषयीं आपण जो वाद घालतों, तो बहुधा खोटेपणाच्या अंगानें घालतों. हेर वेष पालटतो, नांव बदलतो, ज्याचें मीठ खातो त्यालाच विकतो. तेव्हां असत्य हें पाप असेल तर हेरगिरीही पापच, असा एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणतो, राज्य राखावयाचें तर शत्रूच्या मनांतलें कळलेंच पाहिजे. एका हेराच्या खोट्यानें हजार शिपायांचे प्राण वांचत असतील, तर तें खोटें पुण्याच्या पारड्यांत घालावें. हा वाद फार जुना आहे, आणि माझ्यापुरता विचाराल तर माझा कौल दुसऱ्या पक्षाला आहे. परंतु भाच्याच्या उत्तरांतली गोष्ट या दोन्ही पक्षांच्या हिशेबांत धरलेली नाहीं. तह करून आणि चोरून मिळणारी माहिती अक्षरशः एकच असूं शकते. फरक इतकाच कीं, तहांत पाहणाराही पाहिला जातो. चोरून जाणणाराला दुसऱ्याचें सर्व हवें असतें आणि आपलें कांहींच द्यावयाचें नसतें. मग एक अक्षरही खोटें न बोलतां, नुसते कान उघडे ठेवून मिळविलेल्या माहितींत अन्याय असूं शकेल काय? मला वाटतें असूं शकेल. आणि वेष पालटणें ज्यांना जन्मांत जमणार नाहीं अशा सज्जनांच्या हातूनच तो पुष्कळदां घडतो.

आपल्याकडे या विद्येचा सर्वांत मोठा आचार्य कौटिल्य. त्याचें 'अर्थशास्त्र' कित्येक शतकें जवळजवळ नांवानेंच उरलें होतें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं तें १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील गूढपुरुषांचें प्रकरण आजही वाचण्यासारखें आहे. कपटी विद्यार्थी, संन्यासाचा मार्ग सोडलेला उदास्थित, शेतकरी गृहस्थ, व्यापारी आणि तापस अशीं हेरांचीं पांच ठाणीं. शिवाय फिरते हेर वेगळे, त्यांत भिक्षुकी आल्या आणि विष घालणारेही आले. या ठाण्यांनीं एकमेकांना ओळखतां कामा नये. तिघांचें म्हणणें एक पडलें म्हणजे बातमी खरी धरावी. वारंवार विसंगती येऊं लागली, तर बातमी आणणाराचाच गुपचूप निकाल लावावा. आणि दोन्हींकडचें वेतन खाणारा हेर नेमावयाचा असेल, तर त्याचीं बायकामुलें आधीं ताब्यांत घ्यावीं. हें शेवटचें वाचतांना अंगावर कांटा येतो, पण आचार्याच्या प्रामाणिकपणाचें कौतुकही वाटतें. या धंद्याची किंमत कोणाकडून वसूल होते, हें त्यानें झांकून ठेविलेलें नाहीं. भाच्याच्या खेळांत परराज्यांतल्या अशा उपयोगी माणसांना 'असेट', म्हणजे मालमत्ता, असें म्हणतात, आणि तेवढ्यावर काम भागतें.

कौटिल्याचे हेर केवळ परराज्यांत फिरत नसत. स्वतःचे अमात्य, सेनापति, युवराज, अंतःपुराचे अधिकारी, साधी प्रजा, सर्वांवर त्यांची नजर असे. शत्रूला बोलावून विचारतां येत नाहीं हें उघड आहे. परंतु जो माणूस रोज आपल्या समोर उभा राहतो, त्याच्याविषयीं तिघांचें मत जुळल्यावर, आतां एकदां त्यालाच विचारूं, असा टप्पा हेरांच्या त्या प्रकरणांत कोठें येत नाहीं. तिघांचा मेळ बसला कीं ज्ञान पूर्ण झालें!

येथें एक भेद केला पाहिजे, नाहीं तर बहिर्जी नाइकांवर अन्याय होईल. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेल्या बखरींत या जासुदाचा उल्लेख आहे. १६७९ सालीं जालना लुटून परततांना मोंगली फौजेनें महाराजांना गांठलें. त्या संकटांत बहिर्जीनें आडवाटेनें सैन्य काढून पट्ट्याच्या किल्ल्यास सुखरूप पोंचविलें. पुढें लोकांनीं त्यांच्याविषयीं शेंकडों कथा रचल्या, पण समकालीन कागदांत त्यांचें दर्शन थोडक्यांतच होतें, आणि जासुदाच्या बाबतींत तें शोभूनही दिसतें. बहिर्जीनें जाणली ती वाट, घाट, पाणी, शत्रूची छावणी. वाट चोरून पाहिली म्हणून वाटेचें कांहीं बिघडत नाहीं. लढाईस उभ्या असलेल्या फौजेलाही तक्रारीस जागा नाहीं. तिचे हेरही हिंडतच असतात. प्रश्न उत्पन्न होतो तो एखाद्या माणसाचें मन, त्याचें चारित्र्य, त्याचा हेतु चोरून जाणून त्यावर निवाडा करावयास आपण बसतों तेव्हां.

याचें उदाहरण शोधण्यास मला लांब जावें लागत नाहीं. कन्हानच्या कांठच्या आमच्या गांवापासून दहा-बारा कोसांवर नागपुरांत सीताबर्डीची टेकडी आहे. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवचा तह झाल्यावर नागपूरकर भोसल्यांच्या दरबारीं इंग्रजांचा रेसिडेंट कायमचा आला. प्रथम एल्फिन्स्टन आणि त्याच्यामागून रिचर्ड जेंकिन्स. रेसिडेंट हा वकील खरा, पण दरबारांत काय शिजतें याची बातमी ठेवणें हें त्याचें मोठें काम. भोसल्यांनाही तें पुरतें ठाऊक होतें. नागपूरच्या या रेसिडेंटांचा पत्रव्यवहार पुढें छापला गेला असून ज्याला इच्छा असेल त्यानें तो अवश्य चाळावा; इतका सावध, इतका शिस्तीचा आणि इतका एकतर्फी पाहणारा डोळा क्वचित् आढळेल.

१८१६ च्या मार्चांत दुसरे रघूजी भोसले वारले. त्यांचा मुलगा परसोजी शरीरानें व मनानें दुर्बळ होता. चुलतभाऊ आप्पासाहेब यांनीं कारभार हातीं घेतला आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत, दरबारांतील विरोधी पक्षाला कळूं न देतां, इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी बिछान्यांत मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळीं चांद्यास होते. मृत्यु नैसर्गिक म्हणून जाहीर झाला, आप्पासाहेब गादीवर बसले, आणि इंग्रजांनीं त्यांना मान्यता दिली.

पुढची हकीकत नागपूरकरांना पाठ आहे. पुण्यास बाजीराव इंग्रजांशीं बिघडले, खडकीची लढाई झाली. २४ नोव्हेंबर १८१७ रोजीं आप्पासाहेबांनीं पेशव्यांकडून आलेलीं सेनापति या पदाचीं वस्त्रें उघड दरबारांत स्वीकारलीं, आणि २६ व २७ तारखांस सीताबर्डीवर लढाई होऊन भोसल्यांचा पराभव झाला. डिसेंबरांत आप्पासाहेब रेसिडेंटाच्या स्वाधीन झाले. जानेवारींत त्यांना अटी घालून पुन्हां गादीवर बसविण्यांत आलें, आणि मार्च १८१८ मध्यें एकाएकीं कैद करण्यांत आलें. आरोप दोन: बाजीरावांशीं पुन्हां गुप्त पत्रव्यवहार, आणि परसोजींचा खून.

खुनाचा हा पुरावा तेरा महिन्यांनीं कोठून उगवला? नागपुरांत माणसें तींच होतीं, राजवाडा तोच होता, आणि रेसिडेंटाचे बातमीदार १८१७ च्या फेब्रुवारींतही पगार घेतच होते. तेव्हां कानांवर कांहीं आलें नाहीं, कीं आलेलें ऐकावयाचें नव्हतें? ज्या राजाशीं तह टिकवावयाचा आहे त्याच्याविषयीं एक ऐकूं येतें, आणि ज्याला काढावयाचें आहे त्याच्याविषयीं दुसरें. आप्पासाहेब निर्दोष होते असें मी मुळींच म्हणत नाहीं. खुनाचा डाग त्यांच्यावर आहे असेंच बहुतेक इतिहासकार धरून चालतात, आणि दोन्ही दरडींवर पाय ठेवण्याच्या त्यांच्या कारभाराचें समर्थन कोणालाही जड जाईल. पण जबान्या झाल्या त्या रेसिडेंटापुढें. आरोपीला समोर उभें करून, त्याचें ऐकून घेऊन, उघड न्यायासनापुढें निकाल असा झालाच नाहीं. त्यांना अलाहाबादेच्या किल्ल्याकडे रवाना करण्यांत आलें. वाटेंत मे महिन्यांत शिपायाचा वेष करून ते पहाऱ्यांतून निसटले, पुढें महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयास राहिले, आणि भटकत भटकत जोधपुरास १८४० सालीं वारले. ज्या जेंकिन्सनें त्यांना असें ओळखलें होतें, त्यानें १८२७ सालीं नागपूर राज्याविषयीं एक अहवाल प्रसिद्ध केला. जमीन, पिकें, जाती, वसूल, सगळें त्यांत आहे, आणि या प्रांताचा अभ्यास करणाराला त्यावांचून आजही गत्यंतर नाहीं. इतकें जाणणाऱ्या माणसाला या प्रांतांत उलट प्रश्न विचारणारा कोणी नव्हता.

हें सारें राजेरजवाड्यांचें झालें. आपल्यासारख्या संसारी माणसांना त्याचें काय, असें वाचक म्हणतील. मीही तसेंच म्हटलें असतें. परंतु आपल्या घरांत मुलामुलींचीं लग्नें ठरतात त्या वेळीं आपण काय करतों? 'चौकशी' हा किती साळसूद शब्द आहे! सुमारें वीस वर्षांपूर्वीं नागपूरच्या एका परिचित कुटुंबानें मला मौद्यांतल्या एका तरुण शिक्षकाची माहिती काढावयास सांगितलें. मुलगी त्यांची, स्थळ सांगून आलेलें. मीं किराणा दुकानदाराला विचारलें, त्याच्या घरमालकाला विचारलें, त्याच्याच शाळेंतल्या एका सहकाऱ्याला बोलतां बोलतां विचारलें. तिघांना एकमेकांची दाद नव्हती, आणि तिघांनींही एकच सांगितलें: मुलगा सालस आहे, पण दर शनिवारीं शाळा सुटली कीं नागपुरास जातो तो रविवारीं रात्रीं उशिरा येतो, कोठें जातो तें सांगत नाहीं, आणि पगार झाल्यावर आठ दिवसांत त्याच्याजवळ पैसा उरत नाहीं. मीं तसेंच्या तसें कळविलें, पदरचा एक शब्दही घातला नाहीं. स्थळ मोडलें. कारण अर्थातच कळविण्यांत आलें नाहीं. पत्रिका जुळत नाहीं असें कांहीं तरी सांगितलें असेल.

दोन-अडीच वर्षांनीं समजलें तें असें कीं, त्याचा वडील भाऊ दीर्घ दुखण्यानें नागपुरास पडून होता. शनिवार-रविवार त्याच्या उशाशीं जात आणि पैसा औषधांत जाई. दुखण्याचा गवगवा होऊं नये, अशी भावाचीच इच्छा होती. हें आधीं कळतें तरी त्या लोकांनीं कदाचित् नकारच दिला असता. घरांतलें आजारपण पाहून मुली देण्यास लोक कचरतात. कदाचित् होकारही दिला असता. तें मी सांगूं शकत नाहीं. एवढें मात्र सांगूं शकतों कीं त्याच्या घरावरून मी रोज जात होतों, तो ओट्यावर वह्या तपाशीत बसलेला असे, आणि त्यालाच थांबून विचारावें हें माझ्या मनांत एकदांही आलें नाहीं. आलें असतें तरी मीं विचारलें नसतें. विचारावयाचें म्हणजे आपण कोण, कोणाच्या वतीनें आलों, मुलीकडच्यांची परिस्थिति काय, हें सर्व त्यालाही सांगावें लागलें असतें.

भाचा दिवाळी संपवून गेला. जातांना त्यानें मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं कीटकवंशीयांचें राज्य त्यानें जिंकलें; त्यांचें आरमार दुबळें आहे ही हेरांची बातमी अगदीं बरोबर निघाली. ते त्याच्याशीं लढणार होते कीं नाहीं हें मीं विचारलें, तेव्हां तो जरा गोंधळला आणि म्हणाला कीं तें कांहीं पाहिलें नाहीं.

तो शिक्षक आतां मुख्याध्यापक झाला आहे. पुढें त्याचें लग्न झालें, मुलें झालीं, भाऊ मात्र गेला. बाजाराच्या दिवशीं आमची गांठ पडते तेव्हां तो पिशवी या हातांतून त्या हातांत घेऊन मला आवर्जून नमस्कार करतो आणि प्रकृतीची चौकशी करतो.