काटा कुणाचा?

अण्णांनी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. गळीत हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागायची, आणि खिडकीच्या काचेआड अण्णा बसलेले असायचे. भरली गाडी काट्यावर घ्यायची, आकडा टिपायचा, ऊस खाली झाला की रिकामी गाडी पुन्हा चढवायची, वजाबाकी करायची, पावती फाडायची. काम एवढंच. पण त्या वजाबाकीवर कुणाच्या तरी घराचं वर्षाचं गणित उभं असतं, याची त्यांना जाण होती.

म्हणून नवखा शेतकरी दिसला की अण्णा त्याला खिडकीशी बोलवायचे. "गाडी चढवायच्या आधी आकडा शून्यावर आहे का ते बघा. आणि एकदा बाहेरच्या काट्यावर वजन करून या."

"तुमच्यावर भरवसा नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा, अण्णा?"

"माझ्यावर ठेवा हो. काट्यावर ठेवू नका. काटा त्याचा असतो, ज्याला माल घ्यायचाय. आणि एक सांगतो, काटा मारणारा माणूस कधी दरडावून बोलत नाही. तो आधी चहा विचारतो."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी अण्णा आणि सुमनकाकू लेकीकडे, मृणालकडे, म्युनिकला निघाले. निघण्याआधी अण्णा बँकेत गेले. कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू करून घेतले, कारण 2020 पासून नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या देशात चालतं; बाहेरचा वापर आपण होऊन चालू करावा लागतो. मग खिशातली डायरी काढून त्यांनी दरपत्रकातल्या दोन ओळी उतरवून घेतल्या. पहिली : परदेशी चलनात खर्च केल्यास 3.5 टक्के मार्कअप, त्यावर 18 टक्के जीएसटी. बाजूला त्यांनी लिहिलं, 'म्हणजे शंभराला 4 रुपये 13 पैसे.' दुसरी ओळ : परदेशातल्या दुकानात रुपयांत बिल झाल्यास 1 टक्का, अधिक जीएसटी.

दुसरी ओळ लिहिताना त्यांना हसू आलं. "परदेशातलं दुकान रुपयांत बिल कशाला करेल?" काउंटरवरच्या मुलीलाही ते सांगता आलं नाही.

म्युनिकहून मृणालने त्यांना दोन दिवसांसाठी प्रागला नेलं. बसने पाचेक तास. चेक प्रजासत्ताक युरोपियन संघात असलं तरी तिथे युरो नाही, कोरुना चालतो. तेव्हा एक कोरुना साधारण चार रुपयांना पडत होता. जुन्या शहराच्या गल्लीत काचसामानाचं एक दुकान होतं. सुमनकाकूंना तिथली एक फुलदाणी आवडली. प्रकाशात धरली की भिंतीवर रंगांचे तुकडे सांडायचे. किंमत 5,000 कोरुना. मृणाल बाहेर फोनवर बोलत होती.

दुकानातला तरुण मोठा गोड होता. "इंडिया?" त्याने विचारलं. काकूंना बसायला खुर्ची दिली. अण्णांनी कार्ड यंत्रात घातलं, तसा त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. वर लिहिलं होतं : चलन निवडा. एका बाजूला 5,000 कोरुना. दुसऱ्या बाजूला 21,600 रुपये.

"रुपीज," तो हसून म्हणाला. "फॉर यू, ईझी."

परमुलखात, दगडी फरसबंदीच्या त्या गल्लीत, एका यंत्राने आपला रुपया ओळखला याचंच अण्णांना अप्रूप वाटलं. कोरुन्याचा हिशेब डोक्यात करायचा म्हणजे दर वेळी अडखळायला होतं. रुपयांचा आकडा कसा लगेच कळतो. त्यांनी रुपयांवर बोट ठेवलं. पावती बाहेर आली. त्यांनी ती घडी करून डायरीत ठेवली.

तासाभराने तिघं कॉफी प्यायला बसले. बिल 500 कोरुना. मुलगी यंत्र घेऊन आली, अण्णांनी कार्ड टेकवलं, यंत्राने काही विचारलं नाही. फोनवर बँकेचा संदेश आला. खात्यातून वजा : 2,082 रुपये 60 पैसे.

अण्णांनी डायरी उघडली. एकतीस वर्षांची सवय होती. दोन वजनं शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय त्यांचा हात थांबत नसे.

कॉफी : 2,082.60 भागिले 500. एका कोरुन्याला 4 रुपये 17 पैसे.

फुलदाणी : 21,600 भागिले 5,000. एका कोरुन्याला 4 रुपये 32 पैसे.

"मनू," अण्णा म्हणाले, "एका तासात कोरुना पंधरा पैशांनी उतरला का गं?"

मृणालने फोनवर पाहिलं. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपन्या आपला दर संकेतस्थळावर देतात. "नाही अण्णा. दर चारच रुपये आहे."

"चार? मग कॉफीवरचे सतरा पैसे आपल्या बँकेचे. ते मला निघतानाच सांगितले होते, इथे लिहिलेत बघ." त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "पण फुलदाणीवर बत्तीस पैसे कुणी घेतले?"

मृणालने पावती मागून घेतली आणि बारीक अक्षरं वाचायला लागली. तळाशी छापलं होतं, की ग्राहकाला चलन निवडायची मुभा दिली होती, ग्राहकाने आपल्या चलनात पैसे देणं पसंत केलं आणि दाखवलेला दर त्याला मान्य आहे.

"याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात," ती वाचत वाचत म्हणाली. "तुम्ही कोरुना निवडलात, तर कोरुन्याचे रुपये तुमच्या कार्डाची कंपनी आणि तुमची बँक करते. रुपये निवडलेत, तर तेच काम दुकानाच्या बाजूची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी इथेच करून टाकते, स्वतःच्या दराने. तो दर त्यांनीच ठरवायचा. त्यातून सुटतं त्यात दुकानाचाही वाटा असतो."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी डायरीतली दुसरी ओळ पुन्हा वाचली. परदेशातल्या दुकानात रुपयांत बिल झाल्यास 1 टक्का, अधिक जीएसटी. बँकेत हसू आलं होतं ते याच ओळीवर. त्यांनी खाली मांडलं : 21,600 वर 216 रुपये, त्यावर जीएसटी 38 रुपये 88 पैसे. एकूण 21,854 रुपये 88 पैसे. हीच फुलदाणी कोरुन्यांत घेतली असती तर 20,826. फरक हजारावर एकोणतीस रुपयांचा.

"हजार रुपये गेले, त्याचं एवढं नाही," ते म्हणाले. "कारखान्यावर दहा टनाच्या ट्रॉलीमागे दोनशे किलो काटा मारला, तरी शेतकऱ्याला पत्ता लागत नाही. पण निदान तिथे त्याच्याकडून 'मला मान्य आहे' असं लिहून घेत नाहीत. इथे काटाही त्यांचा आणि खाली मान्यता माझी."

"आपण परत जाऊन भांडूया का?" काकू म्हणाल्या.

"भांडायला तोंड कुठाय? न विचारता रुपये लावले असते तर गोष्ट वेगळी. तिथल्या तिथे म्हटलं असतं, हे रद्द कर आणि कोरुन्यांत पुन्हा घे. ऐकलं नसतं तर पावती ठेवून आपल्या बँकेत तक्रार केली असती. पण त्याने विचारलं, आकडा दाखवला. मीच शून्य न बघता गाडी चढवली."

तेवढ्यात मृणाल हळूच म्हणाली, "अण्णा, माझं कार्ड जर्मनीतलं. मला यंत्र युरो विचारतं." ती कपातला चमचा फिरवत राहिली. "गेली चार वर्षं मी इथे आले की युरोच दाबते. सोपं पडतं म्हणून."

अण्णांनी तिला बोल लावला नाही. कॉफीचा कप तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "सोपं पडतं तिथेच भुर्दंड पडतो, मने."

संध्याकाळी थोडी रोकड हवी होती. रस्त्याच्या कडेला नोटा बदलून देणारी दुकानं ओळीने होती. मृणालने सांगितलं, की या दुकानांत पर्यटकांची इतकी लूट व्हायची की 2019 मध्ये इथे कायदाच बदलला. नोटा बदलल्यावर दर पटला नाही तर तीन तासांच्या आत परत जाऊन व्यवहार मोडता येतो.

"आणि कार्डाच्या यंत्रात रुपये दाबले तर?"

"तिथे ती सोय नाही. तो कायदा रोख नोटा बदलण्यापुरता."

"म्हणजे माणसाच्या हातून फसलो तर तीन तास, आणि स्वतःच्या बोटाने फसलो तर जन्मभर," अण्णा म्हणाले.

एका भिंतीत एटीएम होतं. अण्णांनी 4,000 कोरुना मागितले. यंत्राने आकडा मांडला : 18,080 रुपये. खाली 'ठरलेला पक्का दर' अशा अर्थाचं आश्वासन. मग दोन बटणं. ॲक्सेप्ट कन्व्हर्जन, हे हिरवं, मोठं, अंगठ्याखाली येईल असं. डिक्लाइन कन्व्हर्जन, हे राखाडी, कोपऱ्यात.

अण्णांचं बोट थबकलं. मागे रांग लागली होती. "डिक्लाइन म्हणजे नकार ना? नकार दिला तर पैसे देईल का? कार्ड गिळलं तर?"

बहुतेकांचं बोट इथेच हिरव्याकडे वळतं. नकार म्हणजे व्यवहारच बुडाला, असं त्या पडद्याच्या मांडणीवरून वाटतं. पण नकार असतो तो फक्त त्यांच्या दराला. पैसे काढण्याला नसतो.

अण्णांनी कागदावर नाही, मनातच भागाकार केला. साडेचार रुपयांच्या वर कोरुना. दुकानदारापेक्षा हे यंत्र हावरट निघालं. त्यांनी राखाडी बटण दाबलं. यंत्र क्षणभर कुरकुरलं. त्या क्षणात सुमनकाकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. मग खडखड झाली आणि नोटा बाहेर आल्या. पूर्ण चार हजार. खात्यातून मार्कअप आणि जीएसटी धरून 16,660 रुपये 80 पैसे गेले, शिवाय परदेशी एटीएम वापरल्याचं बँकेचं ठरलेलं शुल्क, जे हिरवं बटण दाबूनही चुकलं नसतं. एका राखाडी बटणाने चौदाशेहून जास्त रुपये राखले.

परतताना तिघं जुन्या चौकातल्या घड्याळाखाली थांबले. 1410 सालचं ते खगोलीय घड्याळ, खाली माणसांची ही गर्दी. तासाचा ठोका जवळ आला तशी मृणालने बोटाने दाखवलं : तो सांगाडा म्हणजे मृत्यू, तो आरसा धरलेला म्हणजे गर्व आणि तो पैशांची थैली घेतलेला म्हणजे कंजूष. सांगाड्याने घंटेची दोरी ओढली. त्यासरशी बाकीच्या मूर्ती माना हलवू लागल्या. चल म्हटलं तरी यायला तयार नाही, असा त्याचा अर्थ.

"तो थैलीवाला बघ," अण्णा काकूंना म्हणाले. "मृत्यू बोलावतोय तरी मान नाहीच म्हणते. आणि मला दुकानदाराच्या हसण्यापुढे एक साधं नाही म्हणता आलं नाही."

गावी परतल्यावर फुलदाणी दिवाणखान्यात कपाटावर बसली. कुणी तिचं कौतुक केलं की काकू प्रागचं वर्णन करतात आणि अण्णा किमतीचं. गेल्या महिन्यात शेजारच्या पाटलांचा मुलगा दुबईला निघाला होता. बँकेत कोणतं कार्ड घेऊ, म्हणून विचारायला आला.

"कमी मार्कअपचं किंवा बिनमार्कअपचं मिळालं तर तेच घे," अण्णा म्हणाले. "पण कुठलंही घेतलंस तरी यंत्राने विचारलं, रुपये की दिरहम, तर दिरहम. बँकॉकला गेलास तर बाथ, लंडनला पौंड. ज्या गावात उभा आहेस त्या गावचं चलन. दुकानदार यंत्र स्वतःच्या हातात धरून बटण दाबायला लागला तर आधी यंत्र माग. पावतीवर रुपये दिसले तर तिथेच रद्द करायला सांग."

"पण काका, रुपये कुणीतरी करणारच ना शेवटी? बँक काय फुकट करते?"

"बँकही फुकट करत नाही," अण्णा म्हणाले. "फुकट कुणीच करत नाही. पण बँकेचा दर तुला घरून निघताना माहीत असतो, त्यांचा दर तिथे उभं राहिल्यावर कळतो, आणि तेव्हा मागे रांग असते." त्यांनी कपाटावरच्या फुलदाणीकडे पाहिलं. "आणि हे बघ, तिथे कुणी तुला अगदी आपलेपणाने रुपयांत बोलायला लागला, तर हरखून जाऊ नकोस. तो चहा विचारतोय असं समज."

तात्पर्य : परक्या गावात आपली भाषा बोलणारा प्रत्येक जण आपला नसतो. जो आपल्यासाठी आपण होऊन हिशेब करून देतो, तो त्या हिशेबात स्वतःचं वजन धरतोच. म्हणून आकडा वाचण्याआधी विचारावं, काटा कुणाचा?