हजार आवाजांतील एक

निवडीचें स्वातंत्र्य हें मनुष्याचें भूषण होय, असें आपण इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें ओझें केव्हां होतें हें विचारण्याचाहि संकोच वाटावा. माझ्या मनांत हा प्रश्न एका यंत्रानें उत्पन्न केला. यंत्र माझें नव्हे, माझ्या भाच्याचें. तो पुण्यास नोकरी करतो आणि फावल्या वेळीं विजेची गिटार वाजवितो.

ज्यांचा या वाद्याशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. विजेच्या गिटारीचा स्वतःचा आवाज अगदीं क्षीण असतो. तिला कंठ लाभतो तो ॲम्प्लिफायरचा. आणि ॲम्प्लिफायर नुसता आवाज मोठा करीत नाहीं, तो त्याला रंगहि देतो. अमेरिकन फेंडरचा स्वर स्वच्छ, इंग्लंडच्या व्हॉक्सचा किणकिणता, मार्शलचा भरदार व खरखरीत. हीं घराणींच म्हणावीं. ‘मॉडेलर’ नांवाच्या पेटींत अशा अनेक ॲम्प्लिफायरांच्या वर्तनाची गणिती प्रतिकृति सांठविलेली असते. १९९८ सालीं निघालेल्या ‘पॉड’ नामक यंत्रानें ही युक्ति हौशी वादकांच्या घरोघर नेली, आणि तेव्हांपासून पेट्यांचें पोट वाढतच गेलें आहे. समजा, एका पेटींत ८० ॲम्प्लिफायर, ४० स्पीकर आणि १० मायक्रोफोन आहेत. एकहि नॉब फिरविण्यापूर्वींच ३२,००० जोड्या झाल्या.

पूर्वीं भाच्याजवळ तीन नॉबांचा एक लहानसा ॲम्प्लिफायर होता, आणि बहिणीच्या लग्नांत वाजविण्यासाठीं तो एक चाल बांधीत होता. साथीला एका मित्राचा तबला. पेटी आली, तीन महिने गेले, चाल मात्र अंतऱ्यापाशींच अडून राहिली. एके रात्रीं मीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, “मामा, आज वाजवलें नाहीं, नुसता आवाज शोधत होतों. रात्रीं मिळाला असें वाटतें आणि सकाळीं तोच कानाला टोचतो. आणि तुम्हीच सांगा, याहून चांगला आंत कोठें तरी असेलच ना?”

माझ्या वयाच्या माणसाला यावर एक उत्तर तयार असतें: आमच्या वेळीं थोडें होतें, म्हणून आम्ही सुखी होतों. या उत्तराचा मला कंटाळा आहे. गरजेला सद्गुण म्हणण्याची ती जुनी खोड आहे. लंडनमध्यें ढोल-ताशांची आपल्याकडे असतात तशीं, पण विलायती पद्धतीचीं तालवाद्यें विकणारा जिम मार्शल याच्या दुकानांत १९६२ च्या सुमारास ॲम्प्लिफायर बनूं लागला, तो फेंडरच्या ‘बासमन’ची जुळणी समोर ठेवून, सुटे भाग हाताशीं मिळतील ते घातले, आणि नक्कल करतां करतां निराळाच आवाज जन्मला. ब्रायन मे यानें १९६३ सालीं बापाच्या मदतीनें घरींच गिटार घडवावयास घेतली, तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लांकडाची. तीच गिटार व व्हॉक्सचा एसी-३० यांवर त्यानें जन्म काढला. पण यांनीं दारिद्र्य निवडलें नव्हतें, तें त्यांच्या वांट्यास आलें होतें. शिवाय सदनिकेंत राहणाऱ्या मुलानें मध्यरात्रीं एसी-३० वाजविला तर शेजारी काय करतील तें सांगावयास नको. हेडफोन लावून वाजवितां येणारी पेटी त्याला वरदानच आहे.

मग दोष संख्येचा काय? २००० सालीं आयंगार व लेपर या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दुकानांत २४ प्रकारचे मुरंबे मांडले तेव्हां चाखणाऱ्यांपैकीं शेंकडा ३ जणांनीं विकत घेतला. ६ मांडले तेव्हां शेंकडा ३० जणांनीं. हा दाखला आतां सुभाषितासारखा वापरला जातो. परंतु २०१० सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र ताळा घेतला गेला तेव्हां सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे विपुलता कधीं गोंधळविते, कधीं नाहीं. मला वाटतें, भेद प्रश्नांत आहे. “सर्वांत चांगला आवाज कोणता?” हा प्रश्न “सर्वांत चांगला शब्द कोणता?” यासारखा आहे. वाक्य नसतांना शब्दकोश चाळीत बसलें तर आयुष्य पुरणार नाहीं. आमच्याकडे तानपुऱ्याची जवारी लावणारा घोडीवर तारेखालीं दोरा सरकवितो. केसभर अंतरानें नाद खुलतो वा मिटतो. दोरा ठेवण्याच्या जागा तेथेंहि अगणितच. पण आज कोणत्या स्वरांत गावयाचें हें गवयाला ठाऊक असतें, म्हणून हात थांबतो.

आणखी एक फसवणूक कानाची. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें कीं, आवाज लहान असतां कानाला खर्ज व अतितीव्र स्वर कमी ऐकूं येतात. रात्रीं हळू वाजवितांना मुलगा हे दोन्ही वाढवितो. तीच मांडणी मोठ्यानें वाजविली कीं खालून घुमते आणि वरून टोचते. दोन आवाज ताडून पाहतांना किंचित् मोठा असलेलाच बहुधा गोड वाटतो. ज्याला आपण आवड म्हणतों ती कित्येकदां एवढीच असते!

मीं त्याला इतकेंच सुचविलें: तीन घराण्यांतून एकेक घे, त्यांचे त्यांचेच स्पीकर ठेव, नॉब सगळे मध्यावर, तिघांचा आवाज सारखा मोठा कर; आणि एकेकट्या सुरावर नव्हे, तबल्यासह अख्खी चाल वाजवून एक ठेव. मग लग्नापर्यंत पेटी उघडूं नकोस. तो म्हणाला, “आणि राहिलेल्यांत चांगला असला तर?” असेल. तें खोटें कशाला सांगावें? ज्याला कांहींच गमवावयाचें नाहीं त्यानें निवडलें असें म्हणतां येत नाहीं. तो फक्त चाळीत असतो. वधूवरांच्या याद्या चाळणाऱ्या घरांतूनहि हें मीं पाहिलें आहे, पण तो विषय निराळा.

लग्नांत चाल वाजली. अंतऱ्यांत एके ठिकाणीं तो चुकला, तबलजीनें सांभाळून घेतलें. पंगतींत मीं विचारलें, कोणता ठेवलास? “व्हॉक्सचा. खर्ज पुष्कळ कमी केला, डग्ग्याला जागा पाहिजे होती.” मग वाटींतली आमटी ढवळीत म्हणाला, “मार्शलचा एक होता मामा, तो खरें म्हणजे फार सुंदर होता. पण त्यांत तबला ऐकूंच येईना. त्याची अजून आठवण येते.”