खंड पडला, म्हणून काय झाले?

माउली, इंग्रजीत जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन शब्द आहेत : ‘कंटिन्युअस’ आणि ‘कंटिन्युअल’. पहिला म्हणजे मध्ये कुठेच न तुटणारे, तेलाच्या धारेसारखे. दुसरा म्हणजे थांबत थांबत, पण पुन्हा पुन्हा घडणारे. मराठीत आपण दोन्हींना ‘सतत’ म्हणून मोकळे होतो, आणि तिथेच साधकाची फसगत होते.

नामस्मरण सतत असावे, हे ऐकून आपण ते अखंडच असावे असे धरतो. मग घरात आजारपण येते, रात्रपाळी लागते, हरिपाठ चार दिवस चुकतो आणि मन म्हणते, ‘नेम मोडला, आता कशाला?’ गळ्यातली तुळशीची माळ राहते, पण पोथी कपाटात जाते.

‘वारी’ या शब्दाकडेच पाहा. वारी म्हणजे फेरी; पुन्हा पुन्हा जाणे. नागपूरचा वारकरी आषाढीला पंढरीस जातो, तसा परतही येतो, पेरणीला लागतो, दुकान उघडतो. परत येणे हा वारीचाच भाग आहे. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पायी सोहळे झाले नाहीत. संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ साली पावले पुन्हा वाटेला लागली. वारी मोडली, असे आपण म्हणतो का?

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागायतदाराला विचारा. मृग बहारासाठी तो उन्हाळ्यात झाडाचे पाणी मुद्दाम तोडतो. याला ‘ताण देणे’ म्हणतात. ताणानंतर पाणी मिळाले की झाड फुलते. मात्र ताण बेताचा हवा. फार लांबला तर झाडच वाळते. म्हणून खंड ही आळसाला दिलेली सूट नव्हे. खंड आणि शेवट यांत फरक करते ते एकच : पुन्हा येणे.

मग अखंड काहीच नाही का? आहे. सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली टेकत नाही. पण ती एकाच्या गळ्यात सात दिवस नसते. पहारा बदलतो, एक दमतो, दुसरा उभा राहतो. अखंडपण मेळ्याचे असते. आपल्या एकट्याच्या वाट्याला येतो तो पहारा. मेळ्याचे ओझे एकट्याने उचलू पाहाल, तर पहाराही हातचा जाईल.

तेव्हा माउली, काल हरिपाठ राहिला असेल, तर त्याचा हिशेब मांडत बसू नका. आज दिवेलागणीला टाळ हाती घ्या.

राम कृष्ण हरी!