सम्यक् आजीविका आणि द्राक्षाचा जमाखर्च

गेल्या अशोक विजयादशमीच्या सायंकाळी, दीक्षाभूमीवरील पुस्तकांच्या दुकानांपुढची गर्दी थोडी विरळ झाली असताना, आमच्या आळीतला एक मुलगा, जो अलीकडे नाशिकच्या बाजूला वाइनच्या कारखान्यात नोकरीस आहे, पुस्तकांची पिशवी सावरीत माझ्याजवळ येऊन बसला, आणि घरच्या चौकशा आटोपल्यावर म्हणाला, "काका, मी स्वतः थेंबही घेत नाही. आमच्याकडे उन्हाच्या विजेवर यंत्रे चालतात, पावसाचे पाणी तळ्यात साठवतात, द्राक्षाचा चोथा खत होऊन मळ्यात परत जातो, आणि शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळतो. मग माझी आजीविका सम्यक् म्हणायची की मिथ्या?" त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. मुलगा प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक माणसाला घाईचे उत्तर देणे हा त्याचा अपमान होय असे मला वाटते.

ज्या भूमीवर बसून त्याने हा प्रश्न विचारला तिथेच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. परंतु त्या शीलाची भाषा सूक्ष्म आहे. मद्य अपवित्र आहे असे ते म्हणत नाही. ते मद्याला प्रमादाचे स्थान म्हणते, म्हणजे जिथे माणसाची सावधानता निसटते अशी जागा. हे झाले पिणाऱ्याविषयी. विकणाऱ्याचा विचार बुद्धाने वेगळा केला आहे. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, जीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. तेव्हा 'मी घेत नाही' हे वाक्य पाचव्या शीलापुरते पुरेसे असले, तरी सम्यक् आजीविकेच्या दाराशी ते अपुरे ठरते. कारण तिथे तुझ्या ओठांची चौकशी होत नाही, तुझ्या हातून निघालेली वस्तू कुठे जाऊन काय करते याची होते.

या व्यवसायाची बाजू मी हलकी लेखीत नाही. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून अबकारी करात सवलत दिली, विंचूरसारख्या ठिकाणी वाइन उद्याने उभी राहिली, आणि वर्षातून दोनदा छाटणी करून, अवकाळी पावसाच्या एका रात्रीत सगळा हंगाम गमावण्याची धास्ती बाळगून जगणाऱ्या द्राक्ष बागायतदाराला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हाही मुख्य युक्तिवाद शेतकऱ्याच्या हिताचाच होता. पाणी, माती आणि मजूर यांच्याशी न्यायाने वागणे हा सद्गुणच आहे, आणि तो दारूच्या कारखान्यात आचरला म्हणून खोटा ठरत नाही.

पण तो सद्गुण प्रश्नाचा निकाल लावतो काय? याचे उत्तर मला नाशिकच्या मळ्यापेक्षा आमच्या पूर्वेकडच्या रानात अधिक स्पष्ट दिसते. फाल्गुन-चैत्रात गडचिरोलीच्या जंगलात मोहाच्या झाडाखाली पहाटे उभे राहावे : रात्रभर गळालेली पिवळट पांढरी, रसाने टंच भरलेली फुले जमिनीवर पसरलेली असतात, त्यांचा गोडसर, किंचित आंबूस वास हवेत दाटलेला असतो, आणि बाया टोपल्या घेऊन वाकून एकेक फूल वेचीत असतात. या झाडाला कोणी पाणी घातलेले नसते, औषध फवारलेले नसते, ते कोणी लावलेलेही नसते. एक उणीव आहे : फुले स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि त्यातून वणवे लागतात, पण झाडाखाली जाळी अंथरली की तीही टळते. गोंडांच्या देवाला या फुलांची दारू वाहिली जाते, म्हणजे तिला धर्माचेही अधिष्ठान आहे. निसर्गाला कमीत कमी उपद्रव हीच जर जबाबदार मद्याची कसोटी असेल, तर मोहाच्या दारूइतके निर्दोष पेय जगात क्वचितच सापडेल.

आणि तरीही त्याच गडचिरोलीतल्या बाया दारूबंदीसाठी उठल्या, आणि १९९३ साली तो जिल्हा दारूमुक्त म्हणून जाहीर झाला. त्यांची तक्रार मोहाविषयी नव्हती; तीच फुले त्या बाया बेगमीसाठी सुकवून ठेवतात, शिजवून खातात. त्यांची तक्रार त्या घराविषयी होती जिथे मजुरीचे पैसे संध्याकाळपर्यंत पोचत नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून पायी चालत नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर आल्या त्याही याच कारणासाठी. २०१५ साली तिथे बंदी आली, २०२१ साली ती उठली; उठवताना अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण देण्यात आले, आणि ते कारण सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही. बंदीचा कायदा म्हणजे जबाबदारी नव्हे. पण परवाना म्हणजेही जबाबदारी नव्हे, ही गोष्ट आपण फार सहज विसरतो.

सरकारी दप्तराची यात साक्ष घेण्यात अर्थ नाही. संविधानाचे ४७ वे कलम राज्याला मद्यनिषेधाकडे जाण्यास सांगते आणि त्याच राज्याच्या तिजोरीत अबकारीचा महसूल जमा होतो. १८९२ साली इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले, त्यामागेही अबकारीचे उत्पन्न राखण्याची चिंता होती. बाटलीवरच्या सूचनेनेही काम भागत नाही, कारण ती सारा भार पिणाऱ्याच्या माथी मारून विकणाऱ्याला मोकळा करते, आणि बुद्धाने तर तो भार आधीच दोघांत वाटून ठेवला आहे.

मला म्हणायचे आहे ते एवढेच की कारखान्याचा जमाखर्च फाटकापाशी बंद करता येत नाही. पाणी किती वाचले, वीज किती वाचली, चोथा कुठे गेला हे ज्या काटेकोरपणे मांडले जाते, त्याच काटेकोरपणे माल कुठे गेला हेही मांडले पाहिजे : १९७४ पासून दारूबंदी असलेल्या वर्ध्याच्या वेशीलगत दुकान थाटणाऱ्याला आपण माल देतो काय, ज्या गावच्या बायांनी ठराव करून दुकान नाकारले तिथे मागच्या दाराने आपला माल जातो काय, नफ्यातला काही भाग व्यसनमुक्तीच्या कामाला, आणि तोही जाहिरात न करता, देतो काय. हे सारे करूनही मद्याचा व्यापार त्या पाचांच्या यादीतून गळेल असे मला वाटत नाही. सुत्ताचा अर्थ माझ्या सोयीसाठी वाकवण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्या यादीत नाव असलेल्या मालकात आणि घर चालवण्यासाठी त्याच्याकडे राबणाऱ्या तरुणात मी फरक करतो, आणि तो तरुण डोळे उघडे ठेवून तिथे उभा असेल तर प्रमादापासून तेवढा तरी दूर आहे असे मानतो.

दुसऱ्या रात्री सेवाग्राम एक्सप्रेसवर त्याला पोचवायला गेलो तेव्हा हे सगळे, याहून मोडक्या शब्दांत, मी त्याला सांगितले. गाडी सुटायला दहा मिनिटे होती. तो बराच वेळ फलाटाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, पिंपात किती अंश साखर उरली हे मी दर चार तासांनी लिहून ठेवतो. गाड्या भरून कुठल्या जिल्ह्यात जातात ते आजवर मी कधी विचारलेच नाही. आता गेल्यावर आधी ते विचारतो." मग जय भीम करून तो डब्यात चढला.