वाट, कान आणि वेळ

बीड हा सतत वाटेवर असलेला जिल्हा आहे. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पोरं शिकायला संभाजीनगर, लातूर, पुणे गाठतात. आजारी माणसाला घेऊन घरचे लोक अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याची वाट धरतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला परळीच्या वैजनाथाकडे गाड्या भरून वाहतात, आषाढीत पंढरपूरला, डिसेंबरच्या सुरुवातीला चैत्यभूमीसाठी दादरला. बीड शहरात रेल्वे आली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर पिढ्यान् पिढ्यांचा आधार एसटीची लाल गाडी आणि कोंबून भरलेली काळी-पिवळी जीप हाच होता. अशा गाडीत शेजारी कोण बसणार हे आपल्या हातात नसते. माळकरी, रोजा धरलेली बाई, दीक्षाभूमीहून परतणारे कुटुंब आणि कशावरच विश्वास नसलेला तरुण एकाच बाकावर येतात. त्यांतल्या कुणाला वाटेत देव आठवला, तर त्याने काय करावे आणि बाकीच्यांनी काय करावे, हा प्रश्न म्हणूनच या जिल्ह्यात रोजच्या जगण्याचा आहे.

आज तो अधिक नाजूक झाला आहे. ३० मार्च २०२५ च्या पहाटे गेवराई तालुक्यातील अर्धमसला गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवण्यात आला. ईद दुसऱ्याच दिवशी होती. अशा घटनेची धग एका गावापुरती राहत नाही. ती माणसांच्या नजरेत उतरते. गाडीत कुणी टोपी घातली, कुणी कपाळाला बुक्का लावला, एवढ्यावर शेजारचा सावरून बसू लागतो. प्रार्थनेचे शिष्टाचार स्पष्ट असण्याची गरज अशा काळात सर्वांत जास्त असते. नियम ठाऊक नसले की प्रत्येक कृतीत हेतू शोधला जातो, आणि हेतूवरून सुरू झालेले भांडण कधी मिटत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. सामायिक प्रवासातील प्रार्थनेला धर्म विचारू नये. तिला तीनच गोष्टी विचाराव्यात. तिने कुणाची वाट अडवली का? ती कुणाच्या कानांवर लादली गेली का? तिने कुणाचा वेळ घेतला का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या प्रार्थनेला पूर्ण संरक्षण हवे आणि तिच्याकडे रोखून पाहण्याचाही अधिकार कुणाला नाही. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर आधी विचारणे हे प्रार्थना करणाऱ्याचे काम आहे, मग त्याचा देव कोणताही असो.

गेल्या काही वर्षांतले वाद या मापाने तपासून पाहावेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात सत्याग्रह एक्सप्रेसच्या डब्यात काही जणांनी दोन बाकांमधल्या वाटेवर नमाज अदा केली आणि त्याचे चित्रीकरण देशभर फिरले. तिथे प्रश्न वाटेचा होता. शौचालयाकडे जाणारा एखादा म्हातारा माणूस अडला असेल, तर त्याची तक्रार रास्त आहे. पण ती ‘वाट द्या’ एवढीच असायला हवी होती. मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळे वर्षानुवर्षे टाळ-चिपळ्यांसह गातात. अनेकांना त्यात आनंद मिळतो, दिवसभराचा शीण जातो. पण रात्रपाळी करून परतणाऱ्या परिचारिकेला त्या डब्यात डोळा लावायचा असेल, तर तिथे प्रश्न कानांचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकात हुबळी-हावेरी मार्गावर सरकारी बसच्या चालकाने गाडी वाटेत थांबवून नमाज अदा केली आणि प्रवासी खोळंबले. तिथे प्रश्न वेळेचा होता, शिवाय तो चालक कामावर होता. या तिन्ही प्रसंगांत चूक काय हे सांगताना धर्माचे नाव घेण्याची गरज पडत नाही. आपल्या चर्चांत मात्र नेमके तेच सर्वांत आधी घेतले जाते.

याच्या उलट बाजूचा प्रसंग बरेलीचा आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या राज्य परिवहनाची बस वाटेत थांबली असताना दोन प्रवाशांना नमाज पढू दिली, म्हणून चालक निलंबित झाला आणि कंत्राटी वाहकाची नोकरी गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या वाहकाने आत्महत्या केली. नोकरी गेल्यामुळेच हे झाले, असे घरच्यांनी सांगितले. काही मिनिटांचा उशीर ही चूक धरली, तरी त्याबद्दल समज देणे पुरेसे होते. एसटीने प्रवास करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे की चहापाण्यासाठी, ओळखीच्या माणसासाठी, फाट्यावर धावत येणाऱ्या म्हातारीसाठी गाडी थांबते आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. जो उशीर माणुसकी म्हणून खपतो, तोच प्रार्थनेसाठी झाला की गुन्हा ठरत असेल, तर आपला आक्षेप उशिराला नसतो, प्रार्थना करणाऱ्याला असतो. हे स्वतःशी कबूल करायला हवे.

पहिला आक्षेप श्रद्धावंतांकडून येतो: देवाची आज्ञा आधी, प्रवाशांची सोय नंतर. या आक्षेपाला उत्तर धर्मपरंपरांनीच देऊन ठेवले आहे. इस्लामी धर्मशास्त्राने मुसाफिराला मोठी सवलत दिली आहे. भारतात बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिच्यात सुमारे ७८ किलोमीटरपलीकडच्या प्रवासात चार रकातींची, म्हणजे चार आवर्तनांची, फर्ज (अनिवार्य) नमाज दोन रकातींची होते. बीडहून संभाजीनगरचा प्रवास यात सहज बसतो. उभे राहणे अशक्य असेल तर बसून नमाज, वजूसाठी पाणी नसेल तर स्वच्छ मातीने केलेली शुद्धी म्हणजे तयम्मुम, अशाही वाटा आहेत. शाफई, मालिकी आणि हंबली परंपरांत प्रवासात दोन वेळच्या नमाजा एकत्र करता येतात. हनफींना हजचा प्रसंग वगळता ती मुभा नाही. त्यामुळे खरी अडचण संध्याकाळच्या मगरिबची. तिच्या तीन रकातींत कपात नाही आणि सूर्यास्तानंतर तिची वेळ तासा-सव्वा तासात सरते. वारकरी परंपरेचीही दिशा हीच आहे. नामाला स्थळ-काळाचे बंधन नाही, ते मनातल्या मनात घेता येते, हेच तिने शिकवले; पूजेचे साहित्य हाताशी नसेल तर मानसपूजा आहेच. धर्म स्थापन करणाऱ्यांनी आणि संतांनी प्रवाशाची ओढाताण ओळखली होती. त्यांनी दिलेली सवलत वापरण्यात श्रद्धा कमी होत नाही.

दुसरा आक्षेप निधर्मी बाजूचा आहे: गाडी सरकारची, मग तिच्यात देवधर्म हवाच कशाला? यात गाडी आणि प्रवासी यांची गल्लत आहे. गाडी चालवणारी यंत्रणा तटस्थ असली पाहिजे, पण तिकीट काढून बसलेल्या माणसाने आपली श्रद्धा स्थानकावर ठेवून यावे असे संविधान सांगत नाही. कलम २५ धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य देते आणि त्याच दमात त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन ठेवते. रेल्वे अधिनियम १९८९ चे कलम १४५ इतरांना उपद्रव देणाऱ्या आणि त्यांच्या सुखकर प्रवासात बाधा आणणाऱ्या वर्तनाला शिक्षा सांगते, पण तिथे प्रार्थनेचा उल्लेख नाही. कायद्याने पाहिलेली गोष्ट त्रास ही आहे. ‘चर्च ऑफ गॉड’ खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा, असे कोणताही धर्म सांगत नाही. हा निकाल एका चर्चच्या ध्वनिवर्धकाबद्दल होता. पण त्याचे तत्त्व मोबाइलवर मोठ्याने लावलेल्या आरतीला, कव्वालीला आणि प्रवचनाला सारखेच लागू पडते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो अल्पसंख्याकांचा आहे. बहुसंख्य कधी विचारत नाहीत, मग विचारण्याचे ओझे आमच्यावरच का? चालकासमोर देवाची तसबीर असते, सकाळी उदबत्ती लागते, देऊळ आले की गाडीभर हात जोडले जातात, आणि हे सगळे सवयीने ‘सर्वांचे’ मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात मुस्लिम सुमारे १२ टक्के आहेत. प्रत्येक वेळी परवानगी मागण्याची पाळी त्यांच्यावरच आली, तर ते विचारणे राहत नाही, विनवणी होते. म्हणून माप एकच असले पाहिजे आणि बहुसंख्याकांनी ते आधी स्वतःला लावले पाहिजे. तसबिरीने कुणाची वाट अडत नाही, ती राहू द्यावी. उदबत्तीच्या धुराने दम्याचा रुग्ण घुसमटत असेल, तर ती गाडी सुटण्यापूर्वी विझवावी. यात्रेच्या गाडीत हरिपाठ रंगला असेल आणि एखाद्याला परीक्षेचे वाचायचे असेल, तर आवाज उतरवावा. याच जिल्ह्यातून पैठणच्या नाथांची पालखी पंढरीला जाते, तेव्हा रस्ता तिच्यासाठी मोकळा होतो आणि गावे आनंदाने थांबतात. ते योग्यच आहे, कारण पालखीची वेळ-वाट आधी जाहीर असते, पोलीस-प्रशासनाने बंदोबस्त ठरवलेला असतो आणि लोकांनी ते मान्य केलेले असते. दुसऱ्याची वाट आणि वेळ घेता येते, पण ती ठरवून आणि मागून. वारीला दाखवलेला हा समजूतदारपणा चार मिनिटांच्या मगरिबला नाकारणे न्यायाचे नाही.

‘आज एक जण, उद्या दहा जण, परवा सगळा डबा’ ही भीतीही बोलून दाखवली जाते. तिचीही दखल घेतली पाहिजे. प्रार्थना काही वेळा शक्तिप्रदर्शन बनते; हे सर्व धर्मांत घडते आणि ते रोखायलाच हवे. पण गरज आणि प्रदर्शन यांतला फरक मोठा आणि सहज दिसणारा आहे. आपल्या आसनावर बसून ओठ हलवणाऱ्याला प्रेक्षक नको असतात. दहा जण वाट अडवून बसले, तर आपले तीन प्रश्नच त्यांना उठवायला पुरेसे आहेत. त्यासाठी पहिल्या एकट्या माणसाला शिक्षा देण्याचे कारण नाही.

यावर व्यवस्थेकडूनही थोडे व्हायला हवे. लांब पल्ल्याच्या गाड्यांचा चहा-जेवणाचा थांबा ठरलेला असतो. संध्याकाळी तो शक्य तिथे सूर्यास्तानंतरच्या वेळेशी जुळवला, तर नमाजही होते, रोजाही सुटतो, आणि कुणाचे मिनिटही जात नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या जैन प्रवाशाला थांबा किती वाजता येणार हे आधी कळले, तर तो आपली शिदोरी वेळेवर सोडेल. एसटीच्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष उभे राहिले, तेव्हा प्रवाशाची अडचण ही व्यवस्थेची जबाबदारी आहे हे महामंडळाने मान्यच केले. त्याच विचाराने मोठ्या स्थानकावर एक शांत कोपरा असावा. तिथे कोणत्याही धर्माचे चिन्ह नको. कुणी जप करेल, कुणी नमाज पढेल, कुणी विपश्यनेला बसेल, कुणी दमून नुसता डोळे मिटेल. सरकारी पैसा एका धर्मावर खर्च झाल्याचा प्रश्न तिथे येत नाही, कारण तो शांततेवर खर्च झालेला असेल.

उरला प्रश्न आपल्या हातातल्या मोबाइलचा. वरच्या बहुतेक प्रसंगांत आग लागली ती चित्रीकरणाने. डोळे मिटलेल्या अनोळखी माणसाचे न विचारता चित्र घेऊन ते संतापाच्या चार ओळींसह पसरवणे हा त्याच्या प्रार्थनेपेक्षा कितीतरी मोठा उपद्रव आहे. त्रास झाला असेल तर तो तोंडाने सांगावा, आधी त्या माणसाला, मग वाहकाला. असे सामंजस्य या जिल्ह्याला नवे नाही. आष्टी तालुक्यातील वाहिरा हे संतकवी शेख महंमदांचे मूळ गाव मानले जाते. मुस्लिम घरात जन्मलेल्या आणि ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या या संताला वारकऱ्यांनी आपला मानले. ही परंपरा सांगणाऱ्या जिल्ह्याने तिला शोभेल असे वागून दाखवायला हवे. प्रार्थना करणाऱ्याने वाट, कान आणि वेळ जपावा. बाकीच्यांनी त्याला निवांतपणा द्यावा. नव्या रेल्वेत असो की जुन्या एसटीत, एवढे पाळणे प्रत्येक प्रवाशाला जमण्यासारखे आहे. ते आजपासून पाळावे.