मधल्यांचं काय?

परत येणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडं फार चांगलं मत आहे. चुकला फकीर मशिदीत सापडला की आपल्याला केवढा आनंद! पण तो फकीर वाटेत ज्यांच्या ज्यांच्या ओट्यावरून ‘आलोच हं’ म्हणून उठला, त्यांचं पुढं काय झालं, हे ती म्हण सांगत नाही.

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला तो संगणकानं. म्हणजे भाच्यानं. तो पुण्यात संगणकाचं शिकतो, उन्हाळ्यात येरमाळ्याला आंबे खायला येतो आणि तोंड रिकामं झालं की ‘सी’ भाषेबद्दल बोलतो. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९७२च्या सुमारास घडवली. तिच्यात ‘सेटजंप’ आणि ‘लाँगजंप’ अशी एक जोडी आहे. १९७९ सालच्या युनिक्समध्ये ती होती आणि आजही आहे.

प्रोग्राममध्ये एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. रचलेली उतरंडच म्हणा ना. परतायचं तेही एकेक मडकं उतरवत. सेटजंप खालच्या मडक्यात खूण करून ठेवतो आणि लाँगजंप वरच्या मडक्यातून थेट त्या खुणेवर उडी टाकतो. मधल्यांना कुणी विचारत नाही.

खूण म्हणजे काय, तर रजिस्टरं. प्रोसेसरच्या हाताशी असलेले मोजके कप्पे. आजच्या ६४ बिटी इंटेल जातीच्या यंत्रात सर्वसाधारण कामाचे असे १६ कप्पे असतात. लिनक्सवर सेटजंप त्यातले ७ टिपतो, शिवाय परतीचा पत्ता.

“मग बाकीच्या ९ कप्प्यांनी काय घोडं मारलंय?” मी विचारलं.

“मामा, ते तुम्हाला नाही कळायचं.”

वास्तविक येरमाळ्याच्या माणसाला हे चटकन कळतं. चैत्री पौर्णिमेला इथं येडेश्वरीची यात्रा भरते. चुन्याचे खडे वेचायला माणूस लोटतं आणि आमच्या घराची धर्मशाळा होते. त्या चार दिवसांचा घरचा कायदा साधा आहे. चांगल्या बशा, लोणच्याची बरणी वगैरे जपायचा ऐवज घरच्यांनी आधीच माळ्यावर टाकायचा. खाली राहिला आणि फुटला तर पाहुण्याला बोल लावायचा नाही. पण देव्हाऱ्यापुढचा पाट आणि आजोबांची आरामखुर्ची पाहुण्यानं वापरली, तर जाताना होती तिथं ठेवायची. रजिस्टरांचीही हीच वाटणी. काही बोलावणाऱ्यानं जपायची, काही आलेल्यानं. सेटजंप हाही एक पाहुणाच, तेव्हा त्याला बोलावण्याआधी पहिल्या प्रकारचा ऐवज माळ्यावर गेलेला असतो. टिपायचा तो दुसरा. कारण लाँगजंपची उडी पडली की मधले पाहुणे जागच्या जागी नाहीसे होतात, पाट ठेवायला कोणी उरत नाही. म्हणून तो त्यांच्या वतीनं पाट ठेवतो.

हे ऐकून मला लाँगजंपबद्दल आदरच वाटला. तो फार टिकला नाही. मधल्या कुणी फाइल उघडली असेल, मेमरी मागून घेतली असेल, तर तिचं काय? काही नाही. फाइल उघडीच, मेमरी अडकलेलीच. पाट जागेवर, उसनं तसंच.

आमच्या भावकीतले एक काका असेच होते. वडिलांशी भांडून घरातून गेले ते ११ वर्षांनी यात्रेत परतले. ओट्यावरच्या ठरलेल्या जागी बसले, टोपी ठरलेल्या खुंटीला अडकवली आणि ठरलेल्या जरबेनं म्हणाले, “चहा टाका.” रजिस्टरं अगदी बरोबर! आजी रडली, शेजाऱ्यांनी पेढे वाटले. काकू आत गेल्या आणि चहाबरोबर एक वही घेऊन आल्या. सोसायटीचं कर्ज, थोरलीच्या लग्नातलं उसनं, पोरांच्या फिया, सगळं तारीखवार.

“अगं, आता आलोय ना मी!”

“तुम्ही आलात. पण हे कुठं गेलंच नव्हतं.”

भाचा लाँगजंपच्या बाजूनं भांडला. घराला आग लागल्यावर कोण पाट लावत बसतं? खोल कुठंतरी बिघाड झाला तर ती बातमी प्रत्येकानं वरच्या साहेबाला कळवत बसायचं, त्यापेक्षा उडी बरी. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात तसंच करतात म्हणे. पण तिथं मधल्यांनी घेतलेली मेमरी एका पोत्यात नोंदलेली असते, आणि उडी मारून खाली आलं की ते पोतंच्या पोतं रिकामं करतात. हे मला पटलं. भडकलेल्या घरातून निघून जाणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. पोतं कुणाच्या डोक्यावर ठेवून गेलास, एवढंच विचारीन.

आणि या बाबतीत ‘सी’ भाषा आपल्या भावकीपेक्षा कडक आहे. सेटजंप पहिल्यांदा उत्तर देतो शून्य. उडी मारून आल्यावर शून्य सोडून दुसरं काहीतरी. लबाडीनं लाँगजंपच्या हातात शून्य दिलं तरी तिथं १ च निघतो. ‘मी गेलोच नव्हतो’ म्हणायची सोयच नाही.

“काकांनी मग काय केलं?” भाच्यानं विचारलं.

काय करणार? चष्मा मागितला. ११ वर्षांपूर्वी राहिलेला चष्मा काकूंनी कपाटातून काढून दिला. पण मधल्या काळात नंबर बदलला होता, त्यामुळं ती वही त्यांना काकूंकडूनच वाचून घ्यावी लागली. पहिल्या पानापासून.